धापूबाईंची जीवाणी

धापूबाईंचा मोतीबिंदू काढून सतरा दिवस झाले होते आणि एवढ्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाची काही ना काही चोरी पकडली गेली होती. नातसून मुस्कान पोळ्यांच्या कडा कच्च्या ठेवते, नातू रोनक कानाशी पिकलेले केस रंगवतो, कपाटाच्या वरच्या फळीवर बोटभर धूळ आहे, हे सगळं बाईंना एकदम दिसायला लागलं. दहा वर्षं त्यांनी ऑपरेशन टाळलं होतं. जे बघायचं ते बघून झालं, असं म्हणायच्या. आता ब्याऐंशीव्या वर्षी त्या गच्चीवर उभ्या राहून समोरच्या बंगल्यात कोणती भाजी निवडतात तेही सांगत होत्या, आणि पिंप्राळ्याच्या त्या घरात सगळे जरा सावरून वागायला लागले होते.

बाईंचा मुलगा सुभाषचंद बाकीच्यांबरोबर हसत होते खरे, पण पकडलं जायची धास्ती त्यांनाही होती. त्यांची चोरी पिंप्राळ्यात नव्हती. ती कोसवड्याला होती, आंबेरी नदीच्या घाटावर, आणि आज सगळं कुटुंब कोसवड्यालाच आलं होतं.

पर्युषण संपलं होतं. काल संवत्सरीचा उपास झाला, आज सकाळी मुगाच्या पाण्यावर पारणं झालं. आजचा दिवस खमावणीचा. सुभाषचंदांचे आजोबा मारवाडातून निघाले ते आधी या कोसवड्यात येऊन टेकले. पुढं दुकान जळगावला गेलं, पिंप्राळ्यात बंगला झाला, तरी खमावणी कोसवड्याच्या मळ्यातच व्हायची. लहानानं मोठ्यापुढं, मोठ्यानं लहानापुढं, मालकानं गड्यापुढं हात जोडायचे आणि वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल त्याची 'मिच्छामि दुक्कडं' म्हणून माफी मागायची. अर्ध्या तासात सगळं आटपायचं. वर्षभर एकमेकांशी धड न बोललेली माणसंसुद्धा त्या अर्ध्या तासात हात जोडून मोकळी व्हायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गप्प बसायला तयार असायची.

या वर्षी मात्र मळ्यात येण्याला आणखी एक कारण होतं. चार वाजता धुळ्याहून बिल्डर धनसिंगभाऊ येणार होते. मळ्याचे अकरा एकर प्लॉटिंगला द्यायचे, रोनकनं सगळी बोलणी करून ठेवली होती, नकाशाही तयार होता. जमीन धापूबाई आणि सुभाषचंद या दोघांच्या नावावर. सह्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"सुभाष," लिंबाच्या झाडाखाली खुर्चीवर बसलेल्या बाईंनी हाक मारली. मांडीवर झाकणाचा पितळी लोटा होता. "हा घाटावर न्यायचा ना? चल, आज मी पण येते. नवे डोळे आहेत, नदी तरी बघू दे."

सुभाषचंदांनी लोटा घ्यायला हात पुढं केला. "बाई, पावसानं घाट निसरडा झालाय. पडलात म्हणजे?"

"मी सोळा वर्षांची या घरात आले, तेव्हापासून त्या घाटाच्या पायऱ्या माझ्या ओळखीच्या आहेत," बाई म्हणाल्या. "तूच पडशील."

त्या लोट्यात जीवाणी होती. बाई पाणी दुहेरी कपड्यातून गाळल्याशिवाय पीत नाहीत. कपड्यात जे अडकतं, डोळ्यांना दिसो न दिसो, ते जीव. ते मोरीत फेकायचे नाहीत. कपडा उलटा करून गाळलेल्याच पाण्यानं तो लोट्यात धुवायचा आणि ज्या पाण्यातून ते आले त्याच पाण्यात नेऊन सोडायचे, एखाद्या पाहुण्याला त्याच्या घरापर्यंत पोचवून यावं तसे. सासष्ट वर्षं हा नेम चालला होता. पिंप्राळ्याला गेल्यावरही बाई मळ्यातल्या विहिरीचंच पाणी पीत. आठवड्यातून दोनदा मळ्याची कॅन यायची आणि दोनदा सुभाषचंद लोटा घेऊन मळ्यात जायचे. आठ वर्षांपूर्वी रोनकनं विहिरीवर स्लॅब टाकून आत मोटार बसवली. आता जीवाणी सोडायची कुठं, असा प्रश्न आला तेव्हा बाईंनीच तोड काढली होती. विहिरीला पाणी नदीचंच, मग घाटावर सोडलं तरी चालेल.

बाई खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागल्या. सुभाषचंद आणखी काही बहाणा शोधत होते, तोच जिनल धावत आली. ही त्यांची धाकटी मुलगी, सव्वीस वर्षांची. धुळ्याला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि त्या नोकरीपायी आलेली दोन चांगली स्थळं तिनं परत पाठवली होती. रोनक तिला 'बाटलीवाली' म्हणतो.

"दादी, घाटावर जायच्या आधी तो लोटा मला दहा मिनिटं द्या. तुम्हाला एक गंमत दाखवायची आहे."

"लोट्यात काय गंमत?"

"तेच तर."

ओट्यावरच्या टेबलावर तिनं सूक्ष्मदर्शक मांडून ठेवला होता. शेजारी एक पांढरी परात, दांडीचं मोठं भिंग आणि झाकणं घट्ट लावलेल्या दोन बाटल्या, एकीवर 'डोंगर' आणि दुसरीवर 'घाट' असं लिहिलेलं. रोनकनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "आज खमावणी आहे, प्रदर्शन नाही."

"पाच मिनिटं, दादा."

लोट्यातलं चमचाभर पाणी तिनं खोलगट काचेवर घेतलं, भिंग खाली-वर केलं आणि खुर्ची सरकवून बाईंना बसवलं. बाईंनी आधी चुकीचा डोळा लावला, मग बरोबर लावला. बराच वेळ त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला.

"अरिहंत," त्या हळूच म्हणाल्या.

"काय दिसतंय?"

"कोणी तरी आहे."

बाई 'काही तरी' म्हणाल्या नाहीत, 'कोणी तरी' म्हणाल्या. हे सुभाषचंदांच्या लक्षात आलं.

"हिला पाणपिसू म्हणतात," जिनल म्हणाली. "तिचं अंग काचेसारखं आहे, म्हणून आतलं सगळं दिसतं. डोक्यात काळा ठिपका आहे ना, तो डोळा. आता पाठीकडं बघा. वरच्या बाजूला काही हलतंय?"

"हलतंय. फडफडतंय."

"ते तिचं काळीज."

धापूबाईंचा डावा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. मळ्यातल्या मोटारीचा आवाज तेवढा येत होता, आणि लांब हायवेवरून एखादा ट्रक जात होता.

"किती जोरात चाललंय. घाबरलंय का ते मला?"

"नाही दादी, त्यांचं असंच चालतं."

"आणि पोटाशी हे गोल गोल?"

"पिलं आहेत. अजून बाहेर यायची आहेत."

बाई झटक्यानं मागं सरल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ऑपरेशनचं नव्हतं. "पोटुशी आहे ती! जिनल, लगेच पाण्यात सोड तिला. काचेवर काय ठेवलंस?"

जिनलनं हसत काच लोट्यात विसळली. बाई लोट्याकडं बघत राहिल्या. वरून बघितलं तर त्यात नुसतं पाणी होतं, नेहमीसारखं.

"महाराजसाहेब प्रवचनात सांगायचे पाण्यात जीव आहेत, म्हणून मी करत होते," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी करायला लावलं म्हणून करत होते. खरं सांगू? कधी कधी कंटाळून करत होते. थंडीत हात गारठायचे तेव्हा वाटायचं, कोण बघायला गेलंय, आहेत का नाहीत ते. आणि खरोखर होते गं. काळीज होतं त्यांना."

मग जिनलनं काचेवर पुन्हा चमचाभर पाणी घेतलं आणि सगळ्यांनी पाहिलं. मुस्काननं पाहिलं आणि नवऱ्याला ओढून आणलं. रोनकनं पाहिलं आणि 'भारी आहे' म्हणून मोबाइल भिंगाला लावून फोटो काढायचा प्रयत्न केला. शेवटी सुभाषचंद वाकले. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शेतं, माणसं, कापूस, सरकी हे सगळं पारखलं होतं आणि पारखण्यात आपला हात कोणी धरणार नाही असा त्यांचा समज होता. त्या उजेडाच्या गोल तुकड्यात दुसरी एक पाणपिसू उभी राहून हात मारत होती, आणि तिचं काळीज त्यांना दिसत होतं. राईच्या दाण्याहून लहान प्राणी, आणि त्याच्या आत कुणी तरी इतकी बारीक, इतकी नेटकी घडण केली होती. भीती वाटावी इतकं ते सुंदर होतं. मग लगेच आठवलं, आठवड्यातून दोनदा आपण यांना कुठं नेऊन सोडतो ते, आणि ते भिंगापासून बाजूला झाले.

जिनलनं पहिली बाटली परातीत ओतली. पहाटे स्कूटरवर जाऊन तिनं ही वरून, डोंगरातून आणली होती, जिथं आंबेरी नुकती झाडीतून बाहेर पडते तिथून. पाण्याला गवताचा वास होता. तळाशी वाळूच्या कणांची, बोटाच्या पेराएवढी एक नळी होती आणि बघता बघता त्या नळीतून सहा पाय बाहेर आले.

"ही अळी स्वतःचं घर स्वतः बांधते," जिनल म्हणाली. "वाळूचा एकेक कण निवडते आणि तोंडातल्या रेशमानं चिकटवते."

"जमीन एन.ए. न करता?" रोनक म्हणाला आणि सगळे हसले. तोही हसला. मनानं वाईट नव्हता तो.

मळ्याचा जुना राखणदार सुपडू ओट्याच्या खाली उकिडवा बसला होता. तो उठून आला, परातीवर वाकला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे, हाई तं घरकुली शे!" तो म्हणाला. "जिनलताई, हाई तुले कोठे सापडनी?"

"वर डोंगरात. तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत म्हंजे? आम्ही धाकला व्हतूत तवय घाटवर दगड उलटा करूत, तं बठ्ठा दगडना खाले ह्या घरकुल्याच. पोरीसना खेळमा लेवूत, मग सोडी देवूत." त्यानं बोट पाण्यात घातलं आणि नळीला अलगद हात लावला. "चाळीस वरीस झायात. मले वाटे, ह्या जगमधून गयात."

पिकल्या मिशांचा तो म्हातारा परातीवर वाकून पोरासारखा हसत होता. अळीनं पाय आत घेतले, तोही थांबला. पुन्हा बाहेर काढले तेव्हा 'देखा, देखा' म्हणत त्यानं सुभाषचंदांचा दंडच धरला. एरवी तो मालकाच्या अंगाला हात लावत नसे.

"आता घाटावरचं दाखव," धापूबाई म्हणाल्या.

जिनलनं दुसरी बाटली उचलली आणि वडिलांकडं एकदा बघितलं. सुभाषचंदांनी नजर लिंबाच्या झाडावर नेली.

"दादी, हे चांगलं नाहीये."

"दाखव."

झाकण उघडताच मुस्काननं पदर नाकाला लावला. जिनलनं ते पाणी दुसऱ्या ताटात ओतलं. काळपट गाळ खाली बसला आणि त्यात लाल दोऱ्यासारखं काही वळवळायला लागलं. भिंगातून पाहिलं तर सगळा गाळच हलत होता. शेकडो, अंगाला अंग लावून.

"याही अळ्याच आहेत," जिनल म्हणाली. "पाण्यातली हवा संपत आली की बाकीचे मरतात, याच तेवढ्या तग धरतात."

"माझी ती काचेची? काळीजवाली?"

"मी महिन्यात तीनदा शोधलं, दादी. घाटावर एकही नाही."

"आणि नेऊन सोडली तर?"

जिनलनं ओठ चावला. "जगत नाही. थोड्याच वेळात मरते."

"पण जीव आहेत ना तिथंसुद्धा?" रोनक म्हणाला. "हे काय वळवळतंय मग? नदी मेली, नदी मेली म्हणून उगाच बोंब मारायची."

बाईंनी नातवाकडं वळून पाहिलं. "रोनक, आपल्या घरात चाळीस माणसं होती समज. सगळी गेली आणि एकाच्याच घरचे चाळीस येऊन बसले. तर तू म्हणशील घर भरलेलंच आहे?"

रोनकनं मोबाइल खिशात टाकला. जिनलनं विचारायची वाट न बघता सांगायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत साहेबांसमोर बोलावं तसं नाही, ती घरच्यासारखं बोलत होती. डोंगरात झाडी आहे तिथं पाऊस मुळांतून गाळून खाली येतो. त्याच्या खाली कापूस आणि मका लागला, तिथं पावसाबरोबर खत नदीत उतरतं आणि पाणी हिरवं पडतं. तरी काही जीव टिकतात. मग कोसवडं. आजोबांच्या वेळी गावात शंभर उंबरे होते. आता वरची नवजीवन कॉलनी धरून अकराशेच्या वर गेले आहेत. प्रत्येकाच्या घरी मोरी, प्रत्येकाच्या घरी संडास, चांगली गोष्ट आहे, पण त्या सगळ्याचं तोंड नदीत उघडतं. काठावर पूर्वी लव्हाळं होतं, ते घाण अडवायचं. कॉलनीचा रस्ता काढला तेव्हा ते जेसीबीनं खरवडलं.

"नदी तेवढीच राहिली, माणसं वाढली," ती म्हणाली. "नदीला कोणी विचारलंच नाही, झेपेल का म्हणून. गावची पाण्याची विहीर घाटाच्या खाली आहे. ती चार वर्षांपूर्वी बंद केली. आता सगळं गाव जारचं पाणी विकत घेतं."

नवजीवन कॉलनी सुभाषचंदांनी आणि त्यांच्या कैलासवासी भावानं प्लॉट पाडून वसवली होती, बारा वर्षांपूर्वी. तिथं कोणी त्याचा उल्लेख केला नाही. करायची गरजही नव्हती.

"मग लोकांनी राहायचं कुठं, हवेत?" रोनकचा आवाज चढला. "प्रत्येक वेळी प्लॉटवाला चोर! मी नाही केलं तर धनसिंगभाऊ शेजारचं शेत घेतील आणि तिथं करतील. अळ्यांना घरं पाहिजेत, माणसांना नकोत?"

"रोनकभाऊनं बरोबर शे," सुपडू एकदम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मघाशी तोच घरकुलीवर वाकून हसत होता.

"मना घरमा नऊ माणसं शेतस," तो म्हणाला. "एक खोली. मना मोठा नातूनं लगीन ठरेल शे. नवरी कोठे आनवो आम्ही? मी धा वरीसपासून सांगी ऱ्हायनू, भाऊ, आठे पलाट पडना तं एक मले द्या. नदी मनी बी शे. पन मी जपू कोठे?"

जिनलनं मान खाली घातली. सुभाषचंदांना वाटलं, सुटलो. गाडी पुन्हा व्यवहारावर आली, व्यवहार आपल्याला येतो. लोकांना घरं लागतातच. तेवढ्यात मुस्कान, जी सकाळपासून नवऱ्याच्या बाजूनं बोलत होती, तिनं टेबलावर पसरलेला नकाशा स्वतःकडं फिरवला.

"आपल्या प्लॉटिंगचं गटार कुठं निघतं?"

"नकाशात दाखवलंय ना. नैसर्गिक नाल्यात."

"म्हणजे कुठं?"

"नाल्यात म्हणजे नाल्यात."

"हा नाला दादींच्या विहिरीच्या वरच्या अंगानं येतो," मुस्कान बोट फिरवत म्हणाली. "म्हणजे आधी विहिरीजवळून, मग नदीत. हो ना?" मग ती जिनलकडं वळली. "ही डोंगरातली जिथून आणलीस तिथंच सोडायची असेल ना? उन्हानं पाणी तापायच्या आत जाऊ या. मी येते तुझ्याबरोबर." तिनं परातीतलं पाणी स्वतःच्या हातानं बाटलीत भरलं. बायकोनं दिवसाढवळ्या पक्ष बदललेला पाहून रोनकनं नकाशाची गुंडाळी करायला घेतली.

दोघी स्कूटरवरून गेल्या. स्कूटरचा आवाज विरल्यावर धापूबाई म्हणाल्या, "सुभाष. लोटा तू नेतोस."

"हो, बाई."

"कुठं सोडतोस?"

आता बोलायलाच हवं होतं. वर्षातल्या कुठल्याही दुसऱ्या दिवशी त्यांनी थाप मारली असती. धंद्यात त्यांनी याहून मोठ्या थापा पचवल्या होत्या. पण आज सकाळीच त्यांनी याच आईपुढं हात जोडून वर्षभराची माफी मागितली होती, आणि मागताना हे तेवढं मनाच्या एका कोपऱ्यात दाबून ठेवलं होतं.

"घाटावरच सोडतो," ते म्हणाले. "पहिल्या वर्षीच कळलं होतं मला. कॉलनीचा पाइप घाटाच्या वरच उघडतो, फेस यायचा. वर मळ्याच्या कडेनं उतरायचं तर वेड्या बाभळी, कपडे फाटतात. घाटापर्यंत गाडी जाते. म्हटलं, पाण्यात पाणी मिसळतंय, कोण बघतंय. नाकाला रुमाल लावून लांबूनच फेकायचो. कधी कधी गाडीतून न उतरता." त्यांनी लोट्यावर झाकण ठेवलं. "आठ वर्षं, बाई. तुम्ही एकेक करून वाचवलेत आणि मी नेऊन मारले. कॉलनीही माझीच. माफ करा मला."

ते आईच्या पायाशी खाली बसले. सुपडूनं तोंड फिरवलं. रोनक वडिलांकडं बघतच राहिला. आपला बाप जमिनीवर बसलेला त्यानं लहानपणानंतर पाहिला नव्हता.

आजच्या दिवशी माफ करायचंच असतं, त्याला दुसरा पर्याय नसतो. धापूबाईंनी मात्र हात उचलला नाही.

"चार वाजता सही करायची आहे ना तुला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"संध्याकाळी पुन्हा तेच करायचं असेल, तर दुपारी माफी कशाला मागतोस?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरोखर विचारत होत्या, समजून घ्यायचं असल्यासारखं. सुभाषचंदांना त्याचंच जास्त लागलं.

पावणेचारला फाटकापाशी पांढरी गाडी थांबली. धनसिंगभाऊ उतरले, गॉगल कपाळावर चढवला आणि लांबूनच 'जय जिनेंद्र शेठ' म्हणून हात वर केला. रोनक पुढं झाला, पण सुभाषचंदांनी त्याला मागं ठेवलं आणि स्वतः फाटकाबाहेर गेले. जाताना पायात चप्पल घालायची राहिली, हे त्यांना खडे टोचायला लागल्यावर कळलं.

"धनसिंगभाऊ, तुम्हाला हेलपाटा पडला. सही होणार नाही."

"काय झालं? कमी-जास्त असेल तर बसू की."

"तसं नाही. खालचे दोन एकर मी तळ्यांना आणि लव्हाळ्याला सोडतोय. माझ्या जुन्या कॉलनीचं पाणी आधी तिथं थांबेल, निवळेल, मग नदीत जाईल. पोरगी कधीची सांगत होती, मी ऐकत नव्हतो. ते होईपर्यंत या मळ्यात एकही वीट लागणार नाही. झाल्यावर रस्त्याकडच्या पट्टीत घरं होतील. पण गटार आधी, भिंत नंतर. तसं पटत असेल तर तेव्हा या."

"शेठ, असं कोणी करतं का?" धनसिंगभाऊंना खरंच कळेना. "त्याला तीन वर्षं जातील."

"जातील."

"मी शेजारचं शेत घेऊ शकतो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," सुभाषचंद म्हणाले. "मी तुम्हाला अडवू शकत नाही. ग्रामपंचायतीत जाऊन बोंब मात्र मारीन."

मागून सगळं ऐकणारा रोनक नकाशाची गुंडाळी काखेत मारून धनसिंगभाऊंच्या गाडीत जाऊन बसला. वडिलांकडं त्यानं बघितलं नाही, खमावणीचे हातही जोडले नाहीत. गाडी वळली, धूळ उडाली. सुभाषचंदांनी गाडीच्या दिशेनं हात जोडले. मुलानं आरशात पाहिलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

सुपडू फाटकाला टेकून उभा होता. "रस्ताकडनी पट्टीमा मनं घर पहिलं का?" त्यानं विचारलं.

"पहिलं तुझंच. पण तीन वर्षं लागतील, सुपडू. नातवाचं लग्न तोवर थांबेल का?"

"नही थांबाव," सुपडू म्हणाला. "पन करा. करा तुम्ही." आणि तो पाण्याची पाळी बघायला निघून गेला. त्याच्या चालण्यात आनंद नव्हता आणि रागही नव्हता. सुभाषचंद त्याच्या पाठीकडं बघत राहिले. या एका माणसाचं देणं आपण आज फेडलेलं नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं.

ते ओट्यावर आले तेव्हा धापूबाई एकट्याच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. लोट्यातलं पाणी त्यांनी स्वतःच काचेवर घेतलं होतं, थोडं टेबलावर सांडलंही होतं.

"दोन आहेत आता," त्या डोळा न हलवता म्हणाल्या. "एक लहान आहे. तिचंही काळीज चालतंय. एवढंसं, सुभाष! एवढ्याशा जिवात ज्यानं हे घातलं, त्याला किती वेळ असेल रे."

"बाई, नाही सांगून आलो त्याला."

"ऐकलं मी. माझे डोळे नवे आहेत, कान जुनेच चांगले आहेत."

त्यांनी काच जपून लोट्यात विसळली. मग खुर्चीवरून उठल्या. सुभाषचंद आधार द्यायला पुढं झाले, तर त्यांनी त्यांचा हात बाजूला केला आणि मुलासमोर सरळ उभ्या राहिल्या.

"तू मारलेस असं म्हणालास. मीही मारलेत," त्या म्हणाल्या. "सासूबाई लोटा घेऊन स्वतः विहिरीवर जायच्या. मीही जायचे. मग गुडघे दुखायला लागले आणि मी तुझ्या हातात देऊ लागले. आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही, सुभाष, नदी कशी आहे. गाळण्याचं पुण्य मी घेतलं आणि चालण्याचं काम तुला दिलं."

सकाळी त्यांनी घरातल्या सगळ्यांना एका दमात खमावलं होतं, मुस्कानला मूग वाढायला सांगता सांगता. आता त्यांनी दोन्ही हात जोडले, ब्याऐंशी वर्षांचं डोकं मुलापुढं खाली वाकवलं आणि तेच दोन शब्द म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडं."

सुभाषचंदांनी हे शब्द आईच्या तोंडून साठ वेळा ऐकले होते. पण या वेळी ते म्हणून झाल्यावर बाई तशाच वाकून थांबल्या, उत्तराची वाट बघत, आणि सुभाषचंदांनी हात जोडून त्यांच्याहून खाली डोकं वाकवलं.